षड्ज कुणी द्यायचा?

२०१२च्या मार्च महिन्यातली दुपार. टेक्सासमधल्या एका शाळेच्या बँडच्या खोलीत माझी बेचाळीस मुलं तीन ओळींत उभी होती. परीक्षकांनी खूण केली तशी सगळ्यांनी एकदम फोल्डर उघडले. आत कधीही न पाहिलेलं, न ऐकलेलं चार सुरावटींचं एक छोटं गाणं होतं. ते मी वाजवून दाखवायचं नव्हतं, गाऊनही दाखवायचं नव्हतं. ठरवून दिलेल्या काही मिनिटांत फक्त समजावून सांगायचं आणि मग मुलांनी कागद पाहून गायचं.

चौथ्या बारला टेनर, म्हणजे मुलग्यांतले वरचे आवाज, थांबले. आठव्या बारला बेस, म्हणजे खालचे आवाज, थांबले. सोप्रानोतल्या, म्हणजे सगळ्यात वरच्या ओळीतल्या, दोन मुली शेवटपर्यंत गात राहिल्या. बाकीची चाळीस मुलं कागदाकडे पाहतच नव्हती. ती माझ्या ओठांकडे पाहत होती.

टेक्सासमध्ये शाळांच्या स्पर्धा यूआयएल ही संस्था घेते. क्वायरला, म्हणजे शाळेच्या गायनवृंदाला, आधी रंगमंचावर तयार गाणी सादर करायची असतात आणि मग दुसऱ्या खोलीत अनोळखी गाणं वाचून दाखवायचं असतं. श्रेणी १ ते ५, त्यात १ सर्वोत्तम. दोन्हीकडे १ मिळाली तर त्याला स्वीपस्टेक्स म्हणतात आणि तो चषक शाळेच्या काचेच्या कपाटात वर्षानुवर्षं राहतो. त्या दिवशी आम्हाला रंगमंचावर १ मिळाली, वाचनाच्या खोलीत ४. पालकांनी मला रंगमंचासाठी मिठ्या मारल्या. बसमध्ये मुलं मात्र गप्प होती. दुसरा आकडा माझ्या शिकवण्याचा होता, हे मला त्याच वेळी कळलं. तो दुरुस्त करण्यासाठी मी जे केलं त्यात आणखी चार वर्षं चुकले.

मी मिरजेची. तंतुवाद्यं बनवणाऱ्यांच्या गल्लीपासून आमचं घर पाच मिनिटांवर. गाणं गुरुजींसमोर बसून शिकले. ते म्हणायचे, आम्ही म्हणायचो. चीज पक्की झाली की ते वही काढायला सांगत आणि भातखंड्यांच्या लिपीत उतरवून घेत: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर. त्या वह्या अजून माझ्याजवळ आहेत. पण त्यातली एकही चीज मी वहीवरून शिकलेली नाही. आमच्याकडे आधी कान आणि मग कागद. स्वरलिपी होती ती आठवणीसाठी.

लग्नानंतर इथे अमेरिकेत आले, विद्यापीठात संगीतशिक्षणाची पदवी घेतली, पाश्चात्त्य स्वरलेखन नीट शिकले आणि हायस्कूलच्या क्वायरची शिक्षिका झाले. हातात पाश्चात्त्य कागद होता, पण शिकवण्याची सवय मिरजेचीच होती. मी म्हणायचे, मुलं म्हणायची. पुढे मी प्रत्येक सुरावट वेगळी ध्वनिमुद्रित केली आणि मुलांना फोनवर देऊ लागले. मुलं झटपट शिकत. तीन आठवड्यांत गाणं उभं राहायचं आणि मला वाटायचं, काय छान चाललंय.

गुरुजींची पद्धत चुकीची होती असं मी म्हणत नाही. त्या पद्धतीत शिष्य वर्षानुवर्षं गुरूसमोर बसतो, रागाचं चलन त्याच्या अंगात मुरतं आणि एक दिवस तो स्वतः आलाप मांडायला लागतो. माझ्याकडे मुलं रोज पन्नास मिनिटं, जास्तीत जास्त चार वर्षं. मी त्यांना कानानं गाणी देत होते, पण रागासारखं काही देत नव्हते, म्हणजे ज्याच्या आधारानं ती पुढचं स्वतः गाऊ शकतील असं काहीच नाही. माझ्या वर्गातून बाहेर पडणारं मूल पंधरा-वीस गाणी घेऊन जायचं. एकविसावं गाणं शिकायला त्याला पुन्हा माझ्यासारखं कुणीतरी लागणार होतं.

त्या मार्चनंतर मी ठरवलं की वाचनाचा सराव वाढवायचा. रोज तासाच्या सुरुवातीला दहा मिनिटं, वाचनाच्या पुस्तकातून. डो, रे, मी. हाताच्या खुणांसकट. यातली बहुतेक अक्षरं अकराव्या शतकात इटलीत ग्वीदो दारेत्सोनं एका स्तोत्राच्या ओळींवरून घेतली. त्या स्तोत्राची जवळपास प्रत्येक ओळ आधीच्यापेक्षा एक स्वर वर सुरू होत असे, म्हणून ओळींची आद्याक्षरं हीच स्वरांची नावं झाली. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये सेरा ग्लोव्हर आणि जॉन कर्वेन यांनी त्यांची सोपी पद्धत बांधली. 'डो' कुठल्याही पट्टीत सरकवता येतो, आपल्या षड्जासारखा. हंगेरीत कोडायनं तीच वाट शाळाशाळांत नेली. हे शिकवताना मला घरी आल्यासारखं वाटायचं. आपण जन्मभर हेच तर करत आलोय.

मुलं पुस्तकात खरोखर पुढे गेली. डिसेंबरपर्यंत सोपे आठ बार चुकीशिवाय वाचू लागली. पण दहा मिनिटं संपली की मी म्हणायचे, "पुस्तकं ठेवा, गाण्याच्या प्रती काढा," आणि पियानोवर बसून सोप्रानोची ओळ वाजवायला लागायचे. मुलांनी त्यातून जो धडा घ्यायचा तो घेतला: वाचन हा व्यायाम आहे आणि गाणं शिकायचं ते मॅमकडून. एका हातानं मी मडक्यात पाणी ओतत होते आणि दुसऱ्या हातानं तेच मडकं फोडत होते. हे मला दिसलं नाही, कारण आकडे सुधारत होते. पुढच्या वर्षी वाचनात ३ मिळाली.

त्याच वर्षी गाण्याची निवड करताना मी जी चूक केली ती मला सगळ्यात जास्त बोचते. मी रँडल टॉम्प्सनचं 'आलेलुया' घेतलं.

हे गाणं १९४०च्या जुलैत मॅसॅच्युसेट्समध्ये टँगलवूडच्या नव्या संगीतकेंद्राच्या उद्‌घाटनासाठी लिहिलं गेलं. मागणी आनंदाच्या, धूमधडाक्याच्या रचनेची होती. पण युरोपात युद्ध पेटलेलं, फ्रान्स नुकताच पडलेला. टॉम्प्सननं संथ, अंतर्मुख रचना लिहिली. शेवटचं 'आमेन' सोडलं तर सगळ्या गाण्यात एकच शब्द आहे. मी ते पहिल्यांदा विद्यापीठात ऐकलं तेव्हा डोळे भरून आले होते. माझ्या मुलांनी ते गावं असं मला मनापासून वाटलं. शब्द एकच, लय संथ, उच्चारांची अडचण नाही. सोपं आहे, असं मी स्वतःला समजावलं.

संथ गाणं सोपं नसतं, हे मिरजेत विलंबित ख्याल ऐकत वाढलेल्या बाईला कुणी सांगायची गरज नव्हती. लांब श्वास, एका स्वरावर स्थिर राहणं, वाद्याच्या आधाराशिवाय पट्टी न उतरणं, हे सगळं तिथे उघडं पडतं. माझी मुलं दर वेळी अर्ध्या स्वरानं खाली यायची. मी पियानो वाजवून त्यांना वर ढकलायचे. ती मला ऐकून वर यायची आणि पियानो थांबला की पुन्हा घसरायची.

त्याहून मोठी चूक टेनरांच्या बाबतीत झाली. माझ्याकडे टेनर पाच. त्यातले तिघे नववी-दहावीतले, आवाज नुकता फुटलेले. या वयात मुलग्यांचा आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. उतरताना मधले काही महिने हाताशी जेमतेम सहा-सात स्वर उरतात. आज जो वरचा स्वर लागला तो पुढच्या आठवड्यात लागेलच असं नाही. आपल्याकडे शाळेत छान गाणारा मुलगा आठवी-नववीत अचानक गप्प होतो आणि आपण म्हणतो, त्याचा आवाज गेला. आवाज जात नाही, तो जागा बदलत असतो. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं. पण गाणं निवडताना मी त्या तिघांचे स्वर एकदाही तपासले नाहीत. टेनरची ओळ कुठपर्यंत चढते ते पाहिलं आणि म्हटलं, होईल.

एक मुलगा नोव्हेंबरपासून नुसते ओठ हलवत होता. मला दिसत होतं. मला वाटलं, सराव करत नाही. एकदा सगळ्यांसमोर त्याला एकट्याला ती ओळ गायला लावली. त्याचा आवाज मधेच तुटला. कुणी हसलं नाही, माझी मुलं चांगली होती. तो खाली बसला. पुढच्या वर्षी त्यानं क्वायर घेतलं नाही. कारण विचारलं तर म्हणाला, "मॅम, मला गाता येत नाही." चौदा वर्षांच्या मुलाला हे मी शिकवलं होतं. त्याला त्याच्या सहा स्वरांत बसणारं गाणं दिलं असतं तर तो कदाचित आजही गात असता. या चुकीला माझ्याकडे दुरुस्ती नाही. तेव्हापासून दर सहा आठवड्यांनी मी प्रत्येक मुलग्याचे वरचे-खालचे स्वर एका वहीत लिहिते आणि गाणं उचलण्याआधी ती वही उघडते. कित्येकदा चार सुरावटींऐवजी तीनची गाणी घेते, मुलग्यांना एकच सोयीची ओळ देणारी. कधी दोन बार मी स्वतः बदलून देते.

मुलींच्या बाबतीतही मी असंच केलं. ज्या मुली चांगलं वाचायच्या त्यांना मी आल्टोत टाकायचे, कारण मधली सुरावट सांभाळायला वाचता येणारी मुलगी हवी. ज्यांना वाचता येत नव्हतं त्या सोप्रानोत, कारण वरची चाल कानानं पकडता येते. म्हणजे जिला येतं तिनं खालच्या पाच-सहा स्वरांतच राहायचं आणि जिला येत नाही तिला कधी वाचावंच लागणार नाही. एका मुलीनं चौथ्या वर्षी मला विचारलं, तिचा आवाज वर जातो की नाही हे तिला कधी कळणारच नाही का? मी तिला त्या दिवशी पियानोपाशी उभं करून वर नेलं. ती सहज तार सप्तकाच्या पंचमापर्यंत गेली. चार वर्षं ती माझ्या सोयीसाठी खाली गात होती. आता प्रत्येक मुलगी निम्म्या गाण्यांत वरची ओळ गाते आणि निम्म्यांत मधली.

तिसरी गोष्ट मराठी वाचकाला पटकन कळेल, कारण ती आपल्या षड्जाची आहे. पाश्चात्त्य मायनर पट्टीचे स्वर म्हणजे आपला आसावरी थाट: गांधार, धैवत, निषाद कोमल. तिथे अक्षरं लावायच्या दोन पद्धती आहेत. एका पद्धतीत आधारस्वर 'डो'च राहतो आणि कोमल स्वरांची अक्षरं बदलतात. दुसरीत अक्षरं बदलत नाहीत, आधारच 'ला'वर जातो. बिलावलचेच स्वर ठेवून धैवताला घर मानलं की आसावरी मिळतो, आपल्या मूर्च्छनेसारखं. मला पहिली पद्धत एवढी स्वाभाविक वाटली की दुसरी मला चूकच वाटायची. राग कुठलाही असो, षड्ज तो षड्ज. मी वर्गात तसं ठामपणे सांगितलं.

पण माझ्याकडे येणारी मुलं ज्या मिडल स्कूलमधून येत, तिथे त्यांना तीन वर्षं 'ला'ची पद्धत शिकवलेली होती. एका सप्टेंबरात नववीत एक मुलगी आली, तिथली सगळ्यात चांगली वाचणारी. मायनरमधला पहिलाच धडा तिनं 'ला'पासून अचूक गायला आणि मी तिला थांबवलं, "इथे आपण असं म्हणत नाही." तिनं पुढचे दोन महिने हात वर केला नाही. शेवटी मी मिडल स्कूलच्या शिक्षिकांकडे गेले, त्यांच्या वर्गात दोन तास बसले. दोन्ही पद्धतींत स्वर तेच होते, घर तेच होतं, फरक फक्त पाटीवरच्या नावाचा. तीन वर्षांचं शिक्षण मी माझ्या सवयीपोटी पुसत होते. मी 'ला' शिकले. सुरुवातीला जीभ अडखळायची. मुलं मला दुरुस्त करायची, आणि त्या मुलीचा हात पुन्हा वर आला.

२०१५मध्ये मी एक अभंग घेतला. भीमपलासातला, लहानपणापासून ओठांवर असलेला. मुलांनी माझ्या भाषेतलं काहीतरी गावं ही इच्छा खरी होती. मी तो स्वतः चार सुरावटींत बांधला. प्रत्येक मींड, प्रत्येक मुरकी पाश्चात्त्य लेखनात उतरवली. गांधारावरच्या एका आंदोलनाला मी सात छोटे स्वर लिहिले होते. पान मुंग्यांनी भरल्यासारखं काळं झालं. खाली मी कॉर्ड भरले. भीमपलासातला धैवत आरोहात नसतो, पण माझ्या कॉर्डात तो नको तिथेही येऊ लागला. मुलं आठवडाभर त्या पानाशी झगडली. ज्यांना आता बऱ्यापैकी वाचता येत होतं, ती सुद्धा. एक बेस म्हणाला, "मॅम, हे तुम्ही गाता तेव्हा सोपं वाटतं. कागदावर का नाही?"

त्या प्रश्नानं मला दोन्ही टोकांच्या चुका एकदम दाखवल्या. जे कागदावरून शिकायचं ते मी कानानं शिकवत होते आणि जे कानानंच येतं ते कागदावर कोंबत होते. दुसऱ्या दिवशी मी सगळ्या प्रती गोळा केल्या. इथल्या मराठी मंडळाकडून टाळांचे दहा जोड आणले. मुलांना दिंडीसारखं दोन रांगांत समोरासमोर उभं केलं. मी एक ओळ म्हणायची, त्यांनी उचलायची, टाळ धरून, पावलं टाकत. कॉर्ड नाहीत, चार सुरावटी नाहीत. तीन दिवसांत अभंग उभा राहिला. त्यात मींड होती, कारण त्यांनी ती ऐकली होती. मी त्यांना सांगितलंसुद्धा: हे गाणं या वाटेनं आलंय म्हणून आपण याच वाटेनं शिकतोय, आणि पुढचं गाणं कागदाच्या वाटेनं आलंय म्हणून ते तुम्ही वाचायचं. दोन वाटा आहेत हे मुलांना कळलं तेव्हा त्यांना दोन्हींत धीर आला.

त्या उन्हाळ्यात मी निवडीचा एक नियम केला. गाण्याची निवड आणि वाचनाचं शिक्षण ही मी दोन वेगळी कामं समजत होते. ते एकच काम आहे. आता नवीन प्रत हातात घेते तेव्हा विचारते, याचा किती भाग माझी मुलं आज, माझ्याशिवाय वाचू शकतील? जवळपास दोन तृतीयांश असेल तर घेते. उरलेला तिसरा हिस्सा शिकवायचा असतो. त्यात काय अवघड आहे ते आधी काढते: एखादी उडी, एखादा अनपेक्षित कोमल स्वर, एखादी ताल मोडणारी जागा. मग तासाची पहिली दहा मिनिटं पुस्तकातून न करता त्याच जागांवर करते. वर्षाला सहा-सात गाण्यांत एकच असं घेते जे त्यांच्या आवाक्याच्या पलीकडचं आहे आणि ते तसं आहे हे त्यांना सांगते. ध्वनिमुद्रणं बंद केली. पियानोचं झाकण बहुतेक वेळा बंद असतं.

त्याऐवजी तंबोरा लावते, फोनवरचा. पियानोचा गांधार नैसर्गिक गांधारापेक्षा सुमारे १४ सेंटनं चढा असतो, म्हणजे अर्ध्या स्वराचा सातवा हिस्सा. त्यावर कान पोसलेली मुलं कॉर्ड लावतात तो कधी शांत होत नाही. तंबोऱ्याच्या खर्जातून जो गांधार आपोआप उमटतो, तो ऐकून सोप्रानो आपला स्वर किंचित खाली आणतात आणि सगळी खोली एकदम स्वच्छ होते. हे मला मिरजेत नवव्या वर्षापासून येत होतं. वर्गात आणायला मला पाच वर्षं लागली, कारण ते 'तिकडचं' आहे असं मी धरून चालले होते.

२०१७मध्ये आम्हाला वाचनात १ मिळाली. त्याच्या आदल्या महिन्यात वर्गात घडलेलं मला जास्त लक्षात आहे. मी नवीन प्रती वाटल्या आणि सवयीनं पहिली ओळ गुणगुणायला लागले. आल्टोतली एक मुलगी म्हणाली, "मॅम, तुम्ही म्हणू नका. आधी आम्ही बघतो." बाकीच्यांनी पेन्सिली काढल्या.

गेल्या वर्षी बऱ्याच विचारांती मी 'आलेलुया' पुन्हा घेतलं. या वेळी टेनर नऊ होते, बहुतेक अकरावी-बारावीतले, वहीत तपासलेले. जुन्या प्रती संगीताच्या कपाटात होत्या. काढून उघडल्या आणि तिथेच खुर्चीवर बसले. एकाही प्रतीवर पेन्सिलीची रेघ नव्हती. ना श्वासाची खूण, ना चुकलेल्या स्वराभोवती गोल, ना कुणी घाबरत लिहिलेला 'सोल'. चार महिने मुलांनी त्या प्रती हातात धरल्या होत्या, पण वाचल्या नव्हत्या.

या गाण्याबद्दलची एक गोष्ट मी मुलांना तेव्हा सांगितली. १९४०च्या त्या पहिल्या दिवशी छापलेल्या प्रती समारंभाच्या जेमतेम तासभर आधी गायकांच्या हाती पडल्या होत्या. त्यांनी ते जवळपास पाहूनच गायलं. मग मी तंबोरा लावला, प्रती वाटल्या आणि मागच्या ओळीत जाऊन बसले. त्यांना पूर्ण गाणं लागलं नाही. तिसऱ्या पानावर टेनर सुटले, थांबले, एकानं "परत, त्या 'ला'पासून," असं म्हटलं आणि सगळे मागे जाऊन पुन्हा निघाले. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं नाही.

त्या प्रती आता कपाटात परत गेल्या आहेत. पानापानांवर पेन्सिलीच्या खुणा आहेत. मी त्या खोडल्या नाहीत.